चौदाच्या आत

मास्तरांचा उजवा हात गेली काही वर्षं कोटाच्या खिशात राहत होता. उन्हाळा असो की थंडी, मास्तर कोट घालत, आणि घराबाहेर पडण्याआधी डाव्या हातानं उजवा हात उचलून, बाकावर पोराला बसवावं तसा खिशात नीट बसवून देत. कुणी ओळख करून घेताना हात पुढे केला, की मास्तर मान अशा काही रुबाबात झुकवत, की समोरच्याला उगाच आपणच आगाऊपणा केल्यासारखं वाटे.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनीच गिअर टाकायला शिकवलं होतं. उरलेल्या अर्ध्यातल्या एका मुलीनं एके दिवशी ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि गाडी गोदामाच्या भिंतीत घातली. मुलीला ओरखडासुद्धा आला नाही. मास्तरांच्या खांद्यातल्या नसा मात्र तुटल्या आणि हात लोंबता राहिला. मुलगी पुढे दुसऱ्या कुणाकडे शिकून पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाली, आणि ते सांगायला हौसेनं दवाखान्यात आली. मास्तर तिला म्हणाले, "छान." त्या एका शब्दासाठी त्यांना किती दम खावा लागला, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक.

बायको शाळेत गणित शिकवायची. हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिनं मास्तरांचा हात हाती घेतला. रोज सकाळी तेल, चोळणं, मग एक रबरी चेंडू. "दाबा," ती म्हणायची. "दाबतोय," मास्तर म्हणायचे. चेंडू जसाच्या तसा. पण तिनं तो चेंडू सोडला नाही.

मास्तरांना होडीत नेलं ते बेकरीवालीनं. हात गेल्यावरही मास्तर शिकवतच होते, आणि ती त्यांच्याकडे गाडी शिकायला आली होती. भावाबरोबर बेकरी चालवायची, आवाज खणखणीत, आणि लहानपणच्या एका आजारात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. तिथे खोटा पाय होता. त्याची तिला लाज म्हणून नव्हती. उलट कुणी काही काम सांगितलं, की "मी एका पायावर तयार आहे" म्हणून समोरच्याची पंचाईत करायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं गाडी सरळ तलावाकडे वळवली.

"मास्तर, तुमचा हात खिशात झोपलाय, ते काय मला कळत नाही? उतरा खाली. एक गंमत दाखवते."

तलावाच्या धक्क्यावर शिडाच्या होड्यांचा क्लब होता. तिथे अपंग खेळाडूंच्या शर्यती व्हायच्या. तरंगतं जाकीट कोटावर चढेना, म्हणून मास्तरांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत कोट काढावा लागला. ते शरमेनं अर्धे झाले. पण तिथे त्यांच्या हाताकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. जो तो आपापले हातपाय सांभाळत होता. मास्तरांनी डाव्या हातानं सुकाणूचा दांडा धरला, वारा शिडात भरला, होडी कलली आणि सुटली. या गाडीला ब्रेकच नाही, हे ऐकून मास्तर जे खूश झाले, ते त्या दिवसापासून तिथलेच झाले.

तिघांची होडी होती. मागे सुकाणूवर मास्तर, मधे मोठ्या शिडाच्या दोरावर बेकरीवाली आणि पुढच्या शिडावर निवेदक. निवेदक रेडिओवर बातम्या द्यायचे. त्यांची नजर फार अधू होती. माणसं त्यांना ढगांसारखी दिसत. पण वारा त्यांच्या गालाला आधी कळायचा आणि तो कळला की ते बातम्यांच्याच सुरात जाहीर करायचे, "डावीकडून वाऱ्याचं आगमन होत आहे." बोलणं त्यांना थांबवता येत नसे. होडीत बसून त्यांना गप्प करणं तर अशक्यच, कारण पळून जाणार कुठे?

आता या शर्यतींचा एक नियम होता. खेळाडूचं शरीर किती साथ देतं, हे तपासून त्याला गुण दिले जात. शरीर जितकं धड, तितके गुण जास्त. आणि एका होडीतल्या तिघांच्या गुणांची बेरीज चौदाच्या वर गेली, की होडी बाद. मास्तरांचे चार, बेकरीवालीचे पाच, निवेदकांचे पाच. बरोबर चौदा.

मास्तरांच्या बायकोला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं चष्मा काढून पुसला होता. "कमी गुण पडले तर चांगलं? ही कसली परीक्षा?"

"असते एकेक," मास्तर म्हणाले.

"माझ्या वर्गातली निम्मी पोरं यात पहिली येतील."

आणि मग, मोठी शर्यत तोंडावर आली असताना, एका सकाळी चेंडू दबला.

आधी दोघांनाही खरं वाटेना. बायको म्हणाली, "परत." मास्तरांनी परत दाबला. आठवड्याभरात बोटं कपाच्या कानात अडकू लागली. पुढच्या आठवड्यात कप बशीवरून उचलला गेला. मास्तरांनी उजव्या हातानं चहाचा एक घोट घेतला, थोडा हनुवटीवर सांडला, आणि बायको स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. मास्तरांचेही डोळे भरून आले. रुमाल काढता काढता त्यांच्या मनात आलं, चारचे पाच होणार! आणि भरून आलेले डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

आता गंमत बघा. ज्या माणसानं हात अधू आहे हे लपवण्यात इतकी वर्षं घालवली, तोच आता हात बरा होतोय हे लपवायला लागला. होडीत चढताना मास्तर मुद्दाम उजवा हात जास्तच लोंबकळत ठेवू लागले. बेकरीवाली एकदा म्हणालीसुद्धा, "काय मास्तर, आज हाताचं दुखणं वाढलंय का?" मास्तरांनी चेहरा पाडून मान हलवली. त्यांना वाटलं, जमलं.

पण वाऱ्यापुढे नाटक चालत नाही. एका दुपारी सराव चालू असताना अचानक सोसाट्याचा वारा आला, होडी आडवी व्हायला आली आणि मोठ्या शिडाचा दोर बेकरीवालीच्या हातून निसटला. तो सपकन मास्तरांच्या समोरून चालला होता. तो त्यांनी पकडला. उजव्या हातानं. आणि धरून ठेवला.

होडी सावरली. बेकरीवालीनं आधी दोराकडे पाहिलं, मग दोर धरलेल्या बोटांकडे.

"हे कधीपासून?"

"काय?" मास्तर म्हणाले आणि हात पटकन लोंबता केला. पण दोर अजून त्यातच होता.

"काय झालं? कुणी सांगेल का?" पुढून निवेदकांनी विचारलं.

"मास्तरांचा हात बरा झालाय," बेकरीवाली अशा आवाजात म्हणाली, जणू मास्तरांना क्षय झालाय.

"अरेरे," निवेदक मनापासून म्हणाले.

शर्यतीआधी तिघांचीही पुन्हा तपासणी होणार होती. त्या संध्याकाळी बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या गोण्यांवर बसून खलबत झालं. बेकरीवालीचं म्हणणं सरळ होतं. खरं सांगायचं आणि जे होईल ते होईल. पण तिचं कुणी ऐकलं नाही. निवेदक म्हणाले की त्यांनी तरुणपणी नाटकात कामं केली आहेत आणि मास्तरांना तयार करण्याची जबाबदारी ते घेतात. मग पावाचा एक लहान गोळा मास्तरांच्या हातात ठेवण्यात आला.

"हं, आता धरा आणि सोडा. पडू द्या."

मास्तरांनी सोडला.

"आवाजावरून सांगतो, हा तुम्ही टाकलात. पडला नाही. पडणं वेगळं. त्यात दुःख असतं."

मास्तर पाडत राहिले, निवेदक कान देऊन चुका काढत राहिले. बेकरीवाली भट्टीपाशी उभी राहून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, एक सांगू? आधी तुम्ही खरंच अपंग होतात, तेव्हासुद्धा एवढे वाईट दिसत नव्हतात."

तपासणीच्या दिवशी मास्तरांनी बायकोला चुकवून निघायचा बेत केला होता. पण परीक्षा हा शब्द कानावर पडला, की ती बाई घरी राहणं शक्य नव्हतं. ती इस्त्रीची साडी नेसून, केस चापून बसवून, मास्तरांच्या आधी दारात उभी.

"अगं, तू कशाला? तिथे काही नाही बघण्यासारखं."

"तुमचा हात आहे ना?" ती म्हणाली. "मग आहे."

क्लबच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत तपासनीस डॉक्टरीण बसली होती. पन्नाशीची, शांत, बोलणं मोजकं. तिनं मास्तरांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत तपासलं आणि मग एक लाकडी ठोकळा पुढे केला. "हा धरता येतोय का बघा."

मास्तरांनी निवेदकांची शिकवण आठवली. बोटं ठोकळ्याभोवती आली, थरथरली आणि ठोकळा टेबलावर पडला. त्यात खरोखरच दुःख होतं. मास्तरांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

"अहो, असं काय करताय?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला.

मास्तरांनी वळून पाहिलं. बायको उठून उभी राहिली होती.

"परीक्षेच्या धास्तीनं होतंय त्यांना," ती डॉक्टरणीला म्हणाली. "घरी सगळं येतं. वर्गात येतं आणि पेपरात विसरतात, तशातली गत. थांबा हं." तिनं पर्समधून चेंडू काढला आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवला. "दाबा. घाबरू नका. मी आहे ना."

ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेपुढे खोटं बोलायला काळीज दगडाचं लागतं. दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या सकाळी त्या नजरेत होत्या. मास्तरांनी चेंडू दाबला. मग ठोकळा उचलला. मग डॉक्टरणीची पेनंसुद्धा एकेक उचलून पेल्यात ठेवली.

"उत्तम," डॉक्टरीण म्हणाली. "पाच."

बायकोनं टाळ्या वाजवल्या.

बाहेरच्या बाकावर बेकरीवाली बसली होती. तिचे नेहमीचे पाच आले होते. मास्तरांचा चेहरा बघूनच तिला कळलं. थोड्या वेळानं निवेदक डोळे तपासून बाहेर आले, भिंतीला हात लावत, अगदी प्रसन्न. "पाच! जसेच्या तसे!"

"मग पंधरा," बेकरीवाली म्हणाली.

तिघं बाकावर बसून राहिले. मास्तरांच्या बायकोला आता कुठे बेरीज लक्षात आली होती. गणिताच्या बाईंना एक आणि चौदा मिळवायला एवढा वेळ कधीच लागला नव्हता. ती खाली धक्क्यावर जाऊन उभी राहिली.

मग बेकरीवालीनं निवेदकांकडे मान वळवली. "निवेदक, तुम्हाला वळणावरचा तरंगता बोया दिसतो का हो?"

"म्हणजे काय? दिसतो की. चांगला केशरी ठिपका दिसतो."

"तो मागच्या महिन्यात बदललाय. आता पिवळा आहे."

निवेदकांनी तोंड उघडलं, पण बातमी काही बाहेर आली नाही. आणि निवेदक गप्प आहेत, ही गोष्टच इतकी अघटित होती, की मास्तर चमकले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापूर्वीपासून नजर विझत चालली होती. आता उजेड आणि अंधार, एवढंच. रेडिओवर कुणाला पत्ता नव्हता. पहाटे थोरली बहीण फोनवर सगळ्या बातम्या वाचून दाखवायची, ते त्या पाठ करायचे आणि माईकसमोर कोरा कागद धरून घडाघडा म्हणायचे. आणि इथे? इथे ते तपासणीच्या खोलीबाहेर बसून होते. आधीच्या खेळाडूंनी तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली, ती दाराआडून ऐकली, झाली पाठ.

"शेवटच्या ओळींना मुद्दाम अडखळलो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पाचच पडावेत म्हणून. नाहीतर सात पडले असते."

मास्तर ताडकन उठले. "ही शुद्ध फसवणूक आहे! अहो, डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकता? लाज नाही वाटत?"

बेकरीवालीनं फक्त एकदा त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मास्तर पुन्हा खाली बसले.

आत जाऊन निवेदकांनी खरं सांगितलं, तर त्यांचे तीन गुण होतील. बेरीज चौदाच्या आत येईल. हे तिघांनाही कळत होतं. पण गुणांचा आकडा क्लबच्या फळ्यावर लागतो, फळा सगळे वाचतात आणि रेडिओवालेही शर्यतीला येणार होते. शेवटी मास्तरांनी मन मोठं केलं.

"राहू द्या, निवेदक. नोकरीपेक्षा शर्यत मोठी नाही. मी उतरतो होडीतून. तुम्ही दुसरा कुणी सुकाण्या बघा."

बोलताना त्यांची खात्री होती, की निवेदक आता त्यांचा हात धरून म्हणतील, छे छे, असं कसं.

"बरं," निवेदक म्हणाले.

मोठं केलेलं मन पुन्हा लहान कसं करायचं, हे मास्तरांना सुचेना. तेवढ्यात निवेदक उठले, भिंत चाचपत चार पावलं गेले आणि एक दार उघडून आत शिरले. ते दार फाटक्या शिडांच्या खोलीचं होतं. आत काहीतरी धडाधड कोसळलं. अंगावर शिडाचा तुकडा घेऊनच ते बाहेर आले आणि शेजारचं बरोबर दार उघडून डॉक्टरणीसमोर उभे राहिले.

"बाई, मला तो तक्ता दिसत नाही."

"मला वाटलंच होतं," आतून डॉक्टरणीचा आवाज आला. "तुम्ही प्रत्येक अक्षर इतक्या भावनेनं वाचलंत. ज्याला दिसतं, तो असं नाही वाचत."

तीन गुण. एकूण तेरा. बाहेर आल्यावर बेकरीवाली म्हणाली, "आता एक गुण शिल्लक आहे. कुणाला अजून थोडं बरं व्हायचं असेल, तर होऊन घ्या." आणि मग तिनं निवेदकांच्या खांद्यावरचा शिडाचा तुकडा काढून घेतला, घडी घातली आणि उगाच बराच वेळ घालत राहिली.

शर्यतीच्या दिवशी वारा खणखणीत होता. भोंगा वाजला, आठ होड्या सुटल्या, आणि मास्तरांची होडी पहिल्या वळणापर्यंत दुसरी होती. मग धक्क्यावरून, सगळा गलबला चिरत, एक ओळखीचा आवाज आला, "अहो, उजवा! उजवा हात वापरा!"

मास्तरांनी वापरला. आणि घोळ झाला. डाव्या हाताला इतकी वर्षं एकट्यानं कारभार करायची सवय. त्याला हा जोडीदार खपेना. डावा ढकलतो, तर उजवा ओढतो. होडी जागच्या जागी गिरकी घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. शिडं फडफडायला लागली आणि एकेक करून सगळ्या होड्या पुढे निघून गेल्या.

"मास्तर!" बेकरीवाली ओरडली. "एका वेळी एकच हात! कुठलाही चालेल!"

"मला दोन हातांनी येत नाही गं!" मास्तरांनी कबूल केलं. आयुष्यात 'येत नाही' हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले असतील.

"मलाही काही दिसत नाही," पुढून निवेदक म्हणाले. "बोया कुठे आहे, सांगा. तुमच्या आवाजावर दोर ओढतो."

"माझा पाय अडकलाय," बेकरीवाली म्हणाली. "थांबा, काढून ठेवते." आणि तिनं खोटा पाय काढून होडीच्या तळाशी ठेवून दिला. "हं. आता चला."

होडी चालली. मास्तर डाव्या हातानं सुकाणू धरून मोठमोठ्यानं सांगत होते, समोर काय, उजवीकडे काय, बोया किती लांब. निवेदक, कधी नव्हे ते, फक्त ऐकत होते. शेवटच्या वळणानंतर त्यांनी एक होडी गाठली, मग दुसरी, मग एकदम आणखी दोन. शेवटची रेषा त्यांनी चौथ्या क्रमांकानं ओलांडली. तिसरी होडी त्यांच्यापुढे हातभर होती.

बायको धक्क्यावर वाट बघत होती. "चौथे का होईना," ती म्हणाली, "पण आठात चौथे म्हणजे वरच्या निम्म्यात." मग म्हणाली, "मी ओरडायला नको होतं."

"तू ओरडलीस?" मास्तर म्हणाले. "मला ऐकूच आलं नाही."

बायकोला गणित येत होतं. या उत्तराची पडताळणी तिनं केली नाही. तिनं त्यांचा ओला उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं तसेच फाटकापर्यंत चालत गेले.

रेडिओवर काय झालं, तेही सांगायला हवं. निवेदक दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नोकरी जाणार, अशी तयारी करूनच गेले होते. साहेब चकित झाले. "म्हणजे तुम्हाला कागद दिसतच नव्हता? अहो, आम्ही नव्या मुलांना तुमचं उदाहरण देतो, की बघा, कागदाकडे न बघता बातमी कशी द्यावी!" नोकरी राहिली. आता एक मुलगी शेजारी बसून त्यांच्या कानात बातम्या हळूच वाचते आणि ते त्या मोठ्यानं म्हणतात. निवेदकांची त्यावर एकच तक्रार आहे. ती मुलगी फार रुक्ष वाचते.

होडीतही ते आता विचारतात. पूर्वी सांगायचे, आता विचारतात. परवा सराव संपवून परत येताना वारा पडला होता. होडी जेमतेम सरकत होती. बेकरीवाली पाय पसरून डोळे मिटून पडली होती.

"मास्तर, समोर काय दिसतंय?"

"रस्ता मोकळा आहे," मास्तर म्हणाले. "डावीकडे धक्का. उजवीकडे दोन होड्या, अंतर ठेवून."

"आणि पाणी?"

मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं. "ओलं आहे."

"असं कुणी सांगतं का हो? नीट सांगा."

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. या वेळी बराच वेळ. जन्मात त्यांनी कुठल्या गोष्टीचं वर्णन केलं नव्हतं. सूचना दिल्या होत्या फक्त.

"काठाशी हिरवट आहे," ते चाचपडत म्हणाले. "मधे... मधे काळपट. आणि त्यावर ऊन पडलंय, ते काही धड एका जागी राहत नाही. सारखं सरकतंय."

"हं," निवेदक म्हणाले. "पुढे?"

आणि मास्तर सांगत राहिले.